तीन टाके आणि बारा फूट

पायाच्या अंगठ्याला तीन टाके पडले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला भाव आला. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं! मी कपडे शिवते. बावन्न वर्षांची झाले तरी लोक मला एकच विचारतात, "कधी मिळेल?" आता मात्र माझा पाय उशीवर होता, चहा हातात येत होता, आणि समोर माझे धाकटे दीर वहीपेन घेऊन बसले होते. ते वकील. ऑफिस थाटून सहा महिने झाले होते, पण अजून एकही केस नव्हती.

"वहिनी, पुन्हा सांगा. अगदी पहिल्यापासून."

मी चौथ्यांदा सांगितलं, आणि दर वेळी गोष्टीतलं रक्त थोडं वाढतच होतं. दोन महिन्यांपूर्वी मी पोहायला शिकायला लागले, बायकांच्या सकाळच्या बॅचमध्ये. बुधवारी तलावाच्या शिडीपाशी फुटक्या टाइलचा कोपरा अंगठ्यात घुसला. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी मला उचलून बाहेर काढलं, स्वतःचा टॉवेल पायाला गुंडाळला आणि आपल्या स्कूटरवरून डॉक्टरकडे नेलं.

"टॉवेलचं राहू द्या," दीर म्हणाले. "तिथे धोक्याची काही खूण होती? दोरी, पाटी, काही?"

"काही म्हणजे काही नव्हतं!" मी ठणकावून सांगितलं.

"मग झालंच! सरळ दावा ठोकायचा." त्यांचे डोळे असे चमकले की मलाही जोर चढला. "फक्त एक लक्षात ठेवा. निकाल लागेपर्यंत पाण्यात पाऊल टाकायचं नाही. पोहणाऱ्या बाईला जखमी कोण म्हणेल?"

इथेच तर अडलं. टाके निघाले की मला पहिल्यांदा खोल बाजूला उतरायचं होतं, बारा फुटांत! त्यासाठी मी दुपारी दुकानाचं दार लोटून कटिंगच्या टेबलावर पालथी पडायचे आणि हातपाय मारायचे. एकदा एका गिऱ्हाइकाने पाहिलं, आणि ती माप न देताच निघून गेली.

पण दिरांनी नोटिशीचा मसुदा वाचायला घेतला आणि मी सगळं विसरले. 'गंभीर शारीरिक इजा.' 'अक्षम्य निष्काळजीपणा.' माझ्या अंगठ्याबद्दल इतक्या मानाने कोणी कधी बोललं नव्हतं.

"यात मॅडमचं नाव कशाला?" मी विचारलं.

"खूण लावायचं काम त्यांचंच. त्या म्हणतात, लाल पट्टी बांधली होती. पण बुधवारी कोणालाच ती दिसलेली नाही. मॅनेजरने आज चार वाजता त्यांच्याकडून लेखी मागितलंय. बहुतेक काढून टाकतील." दिरांनी कागद सारखे केले. "बरं, ही फाइल बांधायला एखादी नाडी आहे का?"

मी मशीनचा खण उघडला, हाताला लागलं ते काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

लाल पट्टी होती ती!

आता आठवलं. सोमवारी ती शिडीच्या दांड्याला लोंबत होती. जुन्या कापडाची, दोन्ही कडांनी धागे निघालेली. मला धागे निघालेलं कापड बघवत नाही, त्याला माझा इलाज नाही. टाइल फुटकी आहे हे सगळ्या बॅचला ठाऊकच आहे, एक-दोन दिवस पट्टी नसली म्हणून काय होतंय, असं म्हणून मी ती सोडून घरी आणली. कडा दुमडून सुंदर टीप मारली, इस्त्री केली आणि खणात ठेवली. बुधवारी न्यायची साफ विसरले. आणि कापलं कोणाला? मलाच!

दिरांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"हे कोणाला माहीत आहे?"

"तुम्हाला आणि मला."

"मग ठेवा परत खणात. वहिनी, ही माझी पहिली केस आहे हो."

मला त्यांची दया आली, अगदी मनापासून आली. पण घड्याळात पावणेचार झाले होते. मी एका पायात चप्पल घातली, दुसरी हातात घेतली आणि निघाले. मागून हाका मारत तेही आले, आणि शेवटी त्यांनीच मला गाडीत घातलं.

मॅनेजरच्या खोलीत मॅडम मान खाली घालून लिहीत होत्या. मी लंगडत आत शिरले आणि पट्टी टेबलावर आपटली.

"ही मी नेली होती!"

"का?" मॅनेजरने विचारलं.

"धागे निघाले होते."

त्यांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "शिलाई छान आहे," ते म्हणाले.

"शिलाई राहू द्या! टाइल दोन महिने फुटकी आहे, ती का नाही बदलली? दावा लावायचा तर तुमच्यावरच लावायला हवा!"

उद्याच गवंडी बोलावतो, असं ते पुटपुटले.

मॅडमनी हातातला कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं: पट्टी बांधायची मी विसरले, चूक माझी आहे.

"तुम्ही तर बांधली होती ना!"

"तीन दिवस सगळे विचारतायत, काकू. मीही स्वतःला विचारत होते. आज सकाळी माझी खात्रीच पटली की मी बांधलीच नव्हती."

माझ्या अंगठ्याची कौतुकं चालली होती, तेव्हा या पोरीचा स्वतःवरचा विश्वास उडाला होता. मला इतकी लाज वाटली की तिथेच रडू फुटलं. मॅडमनी कागद फाडला. मला जवळ घेतलं नाही, की असू दे म्हणाल्या नाहीत.

"टाके कधी निघणार?"

"शुक्रवारी."

"मग शनिवारी सहाला या. बारा फुटांत उतरायचं."

"म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?"

"भयंकर रागावलेय. काकू, म्हणून तर बारा फुटांत!"