कारखाना विकण्याच्या सभेत

माझ्या सासूबाई कामगारांच्या पक्षात आणि सासरे व्यापाऱ्यांच्या. एकाच छपराखाली! लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही माणसं निदान जेवताना तरी गप्प बसत असतील. कसलं काय! करवाढीवर कडाक्याचं वाजल्याशिवाय या घरात कुणाला घास उतरत नाही.

भांडणाचं मूळ म्हणजे गावातला रेल्वे इंजिनांचा कारखाना. महायुद्ध संपलं, कामगारांच्या पक्षाचं सरकार आलं आणि त्यानं तो मालकाकडून ताब्यात घेतला. सासूबाई तेव्हा तिथे लेथवर होत्या. फाटकासमोर पिंपावर चढून त्यांनी ठणकावलं होतं, "हा आता आपला. हा कधीच विकला जाणार नाही!" सासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान. ते म्हणाले, "वर्षभरात कुलूप लागेल." पुढे त्यांचाच पक्ष निवडून आला आणि कुलूप राहिलं बाजूला, त्यानं कारखान्याला नवी शेड बांधून दिली, वर कामगारांना घरं! सासूबाईंनी तेव्हा सासऱ्यांना पळता भुई थोडी केली म्हणे. मग दिवस फिरले. महागाई आली, संप आले, बाहेरच्या देशांतली स्वस्त इंजिनं आली. सासरे म्हणू लागले, "विका." सासूबाई त्यांना 'शेठजींचा चमचा' म्हणू लागल्या. तरी एकाला सोडून दुसरा कधी चहा घेत नाही.

यंदा मात्र कहर झाला. सरकार सासूबाईंच्या पक्षाचं आणि कारखाना विकायला काढला त्यांनीच! लगेच सासऱ्यांच्या पक्षानं गळा काढला, 'विकू देणार नाही!' दोन्हीकडचे पुढारी छातीठोकपणे सांगतायत, आम्ही पहिल्यापासून हेच म्हणत आलो. लाजही वाटत नाही मेल्यांना.

माझा जीव मात्र भलतीकडेच अडकला होता. नवऱ्याला आईच्याच पक्षाचं निवडणुकीचं तिकीट मिळणार होतं. कित्येक वर्षं त्यानं पोस्टरं चिकटवली, सभांच्या खुर्च्या उचलल्या, आता कुठे नंबर लागला होता. कारखाना विकायला निघालेल्या मंत्र्यांची एकच अट: कारखान्यातल्या सभेत आईंनी विक्रीच्या बाजूनं बोलायचं. गावात त्यांचा शब्द चालतो ना! मी त्यांच्या हातापाया पडले. "आई, दोनच वाक्यं. लेकासाठी."

"बोलेन की," त्या म्हणाल्या. "खोटं तेवढं बोलणार नाही."

सभेच्या दिवशी सासरे फाटकाबाहेर 'विकू देणार नाही'चा फलक धरून उभे होते. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. आत मंत्र्यांचं भाषण झालं आणि सासूबाई माइकपाशी गेल्या.

"साहेब म्हणाले, आपला पक्ष पहिल्यापासून हेच सांगतोय. नाही हो. हा कधीच विकला जाणार नाही, असं याच फाटकासमोर मी सांगितलं होतं. तेव्हा ते बरोबरच होतं. गावाची पोटं भरली यानं. आज आपली इंजिनं कुणी घेत नाही, हेही खरं. बाहेर माझे यजमान उभे आहेत. ते हे कधीपासून सांगत होते आणि मी त्यांना नको नको ते बोलले. चुकलं माझं. विकावा लागेल, मला पटलंय. पण साहेब, आम्ही बदललो, असं या माणसांना तोंडावर सांगा. आणि उद्या यांनी खायचं काय, ते सांगा. टाळ्या मग."

तेवढ्यात सासरे फलक भिंतीला टेकवून आत आले. दुकानातल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "मीही सांगतो. वर्षभरात कुलूप लागेल म्हणालो होतो. पण याच कारखान्याच्या पगारावर माझं दुकान चाललं. तेव्हा हिचंच बरोबर होतं." मग कामगारांनी एकेक प्रश्न काढला आणि मंत्र्यांना घाम फुटला. काय माणसं आहेत ही दोघं! पण तेव्हा मला ते दिसलं नाही. मला फक्त गेलेलं तिकीट दिसत होतं.

संध्याकाळी पक्षाच्या चिटणीसांचा नवऱ्याला फोन आला. अजून बिघडलेलं नाही, म्हणाले. वर्तमानपत्रात एक पत्रक द्यायचं: आईंचं वय झालंय, तब्येत ठीक नव्हती, बोलण्याच्या भरात काहीबाही बोलून गेल्या. खाली मुलाची सही. तिकीट पक्कं.

सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. 'कर सही, काय बिघडतंय' म्हणायला माझी जीभ नुसती वळवळत होती.

नवऱ्यानं रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"साहेब, माझी आई ठणठणीत आहे," तो म्हणाला. "तसं पत्रक हवं असेल तर आत्ता सही करतो."

फोन तिकडूनच आपटला गेला. तिकीट गेलं. आणि देवाशपथ सांगते, लग्न झाल्यापासून मला नवऱ्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.