चाळीस केबल आणि एक मेहुणा

"मनुष्यजातीच्या यच्चयावत दुःखांचं मूळ सांध्यात असतं," केबल तपासणारे चाचणीवाले गंभीरपणे म्हणाले. कारखान्याच्या दारावरच्या वॉचमनने लगेच डावा गुडघा चोळत दुजोरा दिला आणि तेल कोणतं लावता म्हणून विचारलं.

चाचणीवाल्यांच्या मनात मात्र कनेक्टर होते. मोबाइलच्या मनोऱ्यावर चढणाऱ्या जाड केबलच्या टोकांना ते बसवतात. एका केबलमधून दोन लहरी निघाल्या आणि वाटेतला सांधा जरा जरी ढिला, मळका किंवा खरबरीत असला, की न बोलावलेली तिसरी लहर पैदा होते आणि अशी काही हातपाय पसरते, की तिच्या गोंगाटात लांबच्या माणसाचा फोन ऐकूच येत नाही. हे समजायला चाचणीवाल्यांना पुस्तक उघडावं लागलं नव्हतं. त्यांच्या घरी बैठकीतल्या दिवाणावर तीन वर्षं मेहुणा राहत होता.

मेहुणा याच कारखान्यात कनेक्टर बसवायचा. हात नेटका, पण नोकरी कच्ची. आज गिऱ्हाइकाकडच्या तपासनीस बाईंनी चाळीस केबल पास केल्या, की मालक त्याला कायम करणार होते आणि कायमचं पत्र दाखवलं, की त्याला भाड्याची खोली मिळणार होती. खोलीवाल्याशी बोलणंही झालं होतं. चाचणीवाल्यांनी काल संध्याकाळी चाळीसच्या चाळीस केबल स्वतः तपासल्या होत्या. सगळ्या पास. त्या आनंदात ते काल रात्रभर घोरले होते, असं बायकोचं म्हणणं.

बाई आल्या. पहिली केबल यंत्राला जोडली. पडद्यावरचा तिसऱ्या लहरीचा आकडा उणे एकशे साठच्या खाली राहायला हवा. राहिला.

"आता ठोका," बाई म्हणाल्या.

कनेक्टरवर नायलॉनच्या दांडीने टकटक करून बघायची रीत आहे. सांध्यात खोट असली तर तिथे उघडी पडते. चाचणीवाल्यांनी ठोकलं. आकडा ताडकन उणे एकशे वीसवर उडाला.

दुसरी केबल. तीच तऱ्हा. तिसरीला त्यांनी दांडी नुसती टेकवली.

"झोपलेलं बाळ आहे का ते? नीट ठोका."

नीट ठोकलं. नीट नापास झाली.

चाचणीवाल्यांनी कनेक्टर भिंगाखाली धरला. चांदीच्या मुलाम्यावर बारीक बारीक ओरखडे होते आणि त्यांत लोखंडाचे केसासारखे तुकडे अडकले होते. त्यांनी हळूच मागे पाहिलं.

"काल मी गेल्यावर तू काय केलंस?"

"कुठं काय, भाऊजी? जरा चमकवले." मेहुण्याचा चेहरा अजून खुशीत होता. "काळपट दिसत होते. बाई येणार, म्हटलं बरं दिसेल. ताईची तारेची घासणी आणली होती. आरशासारखे झालेत की नाही?"

"सगळे?"

"म्हणजे काय! दोन्ही टोकं."

चाचणीवाल्यांना भिंतीला टेकावंसं वाटलं. पण तिथे आधीच मालक टेकले होते.

स्पिरिटने पुसून पाहिलं. लोखंड निघालं, ओरखडे राहिले. उणे एकशे अठ्ठावीस.

"नवे कनेक्टर बसवा," बाई म्हणाल्या.

"यायला सहा आठवडे लागतात," मालक म्हणाले.

चाचणीवाल्यांनी शेवटचा उपाय म्हणून आपला कालचा कागद पुढे केला. "काल सगळ्या पास होत्या, बाई."

"मग कालच्या केबल आणा." बाई काही दुष्ट नव्हत्या. 'नापास' लिहिताना त्यांनी एक कनेक्टर उजेडात फिरवून पाहिला. "चमकतात मात्र छान हो. इथे तुमची सही लागेल."

सही करणं चाचणीवाल्यांचंच काम होतं. त्यांनी जन्मात इतकी सावकाश सही केली नव्हती. नावातलं शेवटचं अक्षर आलं, तेही संपलं, खाली रेघ मारून झाली, तरी काही घडेना.

मालक मेहुण्याला एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

दोघं स्कूटरवरून घरी निघाले. चौक आला, गेला. खोलीवाल्याची गल्लीही गेली. तिकडे दोघांनी पाहिलं नाही.

"भाऊजी," मागून आवाज आला, "ताईला तुम्हीच सांगा हं."

चाचणीवाल्यांनी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

"आणि भाऊजी..."

"बोल."

"माझं जेवण झाल्यावर सांगाल?"