मला कोणी उघडून पाहिलंच नाही

"अर्बाब, ही भरलेली आहे का?"

अंबरीनने हा प्रश्न सगळ्या पाहुण्यांसमोर विचारला. विचारणारच! ईदच्या भेटीला आल्या आल्या तिने भिंतीचा फोटो मैत्रिणींना पाठवला होता, आणि त्यांतल्या तूबाने पैज लावली होती : "हिंमत असेल तर विचारून दाखव!"

मित्रांनो, त्या फोटोत मीच होते. मी एक जुनी बंदूक आहे. माझं लोखंड कुठल्या परदेशी कारखान्यात घडलं ते मला आठवत नाही, पण माझ्या दस्त्यावर चांदीची पट्टी बसवली ती इथल्याच, ओमानमधल्या इब्रीच्या सोनाराने. या घराचे अर्बाब, म्हणजे मालक, सालेम यांच्या आजोबांच्या खांद्यावरून मी खजुराच्या बागा राखल्या. लग्नात, ईदला पुरुष नाचायचे आणि मी आकाशात बार काढायचे. काय तो मान! पुढे रखवाली संपली. मी पाहुण्यांच्या खोलीतली शोभा झाले. कोणी आलं की कहवा, हलवा, आणि मग मी : हातात घ्यायला आणि वाहवा करायला.

त्या ईदलाही सकाळी नाच झाला. माझ्या पोटात एक काडतूस उरलं. तेवढ्यात पाहुणे आले. "यल्ला, यल्ला, आटपा!" म्हणत अर्बाबच्या मुलाने मला तशीच खिळ्याला टांगलं.

म्हणून अंबरीनचा प्रश्न ऐकून मला केवढा धीर आला म्हणून सांगू! पण सगळे हसले. तिचे अब्बा, सादिक, हे अर्बाबच्या गाळ्यात दुकान चालवतात. ते आणि अम्मी लाजेने लाल झाले.

"अंबू! अर्बाबना असं विचारतात?"

"माफी मुश्किल, सादिक," अर्बाब म्हणाले, म्हणजे काही हरकत नाही. "खाली आहे, एकदम रिकामी. खलास!"

आणि मोठ्या मनाने त्यांनी मला उतरवून अंबरीनच्या धाकट्या भावाच्या, झैनच्या मांडीवर ठेवलं. पाहुण्याचा मान! प्रश्न बरोबर होता हो, पण उत्तर नुसतं तोंडी होतं. मला उघडून कोणी पाहिलंच नाही. मला ओरडता येत नव्हतं. माझं ओरडणं म्हणजेच गोळी.

झैन येताना वाटभर मोबाईलवर धडाधड माणसं पाडत आला होता. त्या खेळात पडलेला माणूस उठतो, पुन्हा धावतो. माझ्यापुढे पडलेला उठत नाही, हे त्या पोराला कोण सांगणार? त्याने माझी नळी बहिणीकडे वळवली.

"आपा, हात वर! घाबरू नको, तुझ्या तीन लाइफ आहेत!"

"झैन, नको हं. खाली ठेव."

"एक तर गेलीच!"

त्याने चाप ओढला, त्याच क्षणी अंबरीनने हाताने नळी वर ढकलली.

छताचा चुना कहव्याच्या पेल्यांत, हलव्यावर, सगळ्यांच्या नव्या कपड्यांवर पडला. झैन बहिणीचा चेहरा चाचपत होता. "आपा, तू आहेस ना? आपा?"

मित्रांनो, चांदीची पट्टी मला तेव्हापासून जड वाटते. मला मिरवू नका. मला रिकामी करा, कुलपात ठेवा, काडतुसं दुसऱ्या कुलपात. आणि 'रिकामी आहे' असं माझ्याबद्दल कोणीही सांगितलं, तरी विश्वास ठेवू नका.

अर्बाब डोकं धरून बसले होते. अब्बा घाईघाईने म्हणाले, "अंबू, झैन, अर्बाबची माफी मागा. चला आता."

झैनने मागितली. अंबरीन मात्र उठून उभी राहिली. केसांत चुना, पण मान ताठ.

"अब्बा, अम्मी, माझं ठरलंय. यापुढे कुणाच्याही घरी झैनला आत सोडायच्या आधी मी हाच प्रश्न विचारणार. ईद असो, अर्बाब असोत. आणि 'खाली आहे' म्हणाले, तर म्हणणार, उघडून दाखवा."