खोक्यातला वारा

मी एक जुना टेबलफॅन आहे, पण मला पाहून कुणी जुना म्हणणार नाही. माझ्या पात्यांवर ओरखडा नाही, जाळीवर गंजाचा ठिपका नाही, बटणांवरचे आकडेसुद्धा अजून पुसलेले नाहीत. माझ्या बरोबरीचे पंखे केव्हाच भंगारात गेले. मी मात्र टिकलो, कारण सगळ्या आयुष्यात मिळून मी पाच मिनिटेही फिरलेलो नाही. मित्रांनो, ही मिरवण्याची गोष्ट नाही. का नाही, ते सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने मला मिनिटभर चालवून पाहिले, पसंतीचा शिक्का मारला आणि थर्मोकोलमध्ये बसवून खोक्यात बंद केले. खोके उचलण्यासाठी त्याच्या दोन बाजूंना हात जाईल एवढी भोके होती. त्यातल्या एका भोकासमोर माझे तोंड आले. पुढे मी जे काही पाहिले ते तिथूनच.

दुकानाच्या फळीवर मी मोठमोठी स्वप्ने पाहत असे. एखाद्या शाळेत जाईन, दवाखान्यात जाईन, अगदीच नशीब फुटके असेल तर न्हाव्याच्या दुकानात तरी जाईन. एका दुपारी कोपरापर्यंत पिवळ्या रंगाचे शिंतोडे उडालेला एक माणूस आला. घरे रंगवणारा रंगारी होता तो. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"हप्त्यावर मिळेल अशी सगळ्यात स्वस्त वस्तू कोणती?" त्याने विचारले.

"पण तुम्हाला हवंय काय?"

"काहीही चालेल. हप्ता पाहिजे."

दुकानदार हसला. "लोक वस्तूसाठी हप्ता घेतात. तुम्ही हप्त्यासाठी वस्तू घ्यायला निघालात."

मग रंगारी स्टुलावर बसला आणि त्याने सगळे सांगितले. त्याच्या बायकोच्या हृदयाची एक झडप आवळत चालली होती. वर्षभरात ऑपरेशन करा, असे डॉक्टर म्हणाले होते. फुकट ऑपरेशनाच्या यादीत तिचे नाव होते, पण नंबर दोन वर्षांनी येणार होता. म्हणून तो कर्ज मागायला बँकेत गेला. तिथे त्याच्याकडे पगाराची चिठ्ठी मागितली. रंगाऱ्याला कुठली चिठ्ठी? चार महिने श्वास घ्यायला फुरसत नाही आणि पावसाळ्यात ब्रश वाळून काठी होतो. याआधी कुठले कर्ज घेतले होते का, असे विचारल्यावर त्याने छाती पुढे काढून सांगितले होते, "आजवर कुणाचा एक पैसा घेतला नाही. अंथरूण पाहूनच पाय पसरले."

"मग?" दुकानदाराने विचारले.

"बँकेतल्या मॅडम चांगल्या होत्या हो. म्हणाल्या, काका, तिथंच तर अडतंय. घेतलेलं तुम्ही फेडता, हे आम्हाला कळणार कसं? एखादी लहान वस्तू हप्त्यावर घ्या, बारा हप्ते वेळेवर भरा, मिळेल ते काम झालं की पैसे खात्यात टाकत जा. मग या, मी स्वतः अर्ज पुढं सरकवते." त्याने कोपरावरचा वाळलेला रंग खरवडला. "जन्मभर उधारी टाळली, तीच आडवी आली."

दुकानातली हप्त्यावर मिळणारी सगळ्यात स्वस्त वस्तू मी होतो. अशा रीतीने माझी विक्री झाली. मला कुणाला वारा घालण्यासाठी नेले नव्हते. एक माणूस घेतलेले फेडतो, याचा मी पुरावा होतो.

त्यांची एकच खोली होती. वर पत्रा, आणि तो इतका खाली की रंगाऱ्याचा हात सहज टेकायचा, त्यामुळे छताला पंखा लावायची सोय नव्हती. रंगाऱ्याची बायको खाटेवर उशांना टेकून बसलेली होती. त्यांची दहा वर्षांची मुलगी सतत आपल्याहून मोठी बादली नाहीतर पातेले ओढत असायची, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. मी जमिनीवर टेकतो न टेकतो तोच मुंगीचे नख चिकटपट्टीखाली गेले.

"हात काढ," आई म्हणाली. "खोकं फोडायचं नाही. बारा हप्ते झाले की नवाकोरा म्हणून विकू. ऑपरेशनला तेवढाच हातभार."

"अगं, दुपारी या पत्र्याखाली उकडतंय किती. तुला दम लागतो," रंगारी म्हणाला.

"दम काय पंख्यानं जाणार आहे? आणि खोकं फुटलं की निम्मी किंमत, अहो."

त्या घरात तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माझी रवानगी खाटेखाली झाली.

वाऱ्यासाठी त्यांच्याकडे रंगाऱ्याचे जुने शेडकार्ड होते. गिऱ्हाइकांना रंग दाखवायचे ते लांबट कार्ड हलवून मुंगी आईला वारा घालायची. "आज कुठला वारा घालू?" ती विचारायची. "आज आकाशी घाल. काल बदामी होता, फार गरम लागला," आई म्हणायची, आणि दोघी हसायच्या. खोक्यात पडल्यापडल्या मला तो फटफट आवाज ऐकू यायचा. तीन वेगांचा, चारशे मिलिमीटर पात्यांचा मी, त्या पुठ्ठ्याच्या हाताखाली पडून होतो. मला त्याचा फार हेवा वाटे.

खाटेखालून मला फक्त पाय दिसत. रंगाऱ्याचे पाय तारखेच्या दोन दिवस आधीच हप्ता भरायला निघत. पावसाळ्यात काम थांबले. सातव्या हप्त्याला त्याने सायकल विकली आणि त्यानंतर त्याच्या चपला लवकर झिजू लागल्या. आठव्या हप्त्याला विकण्यासारखे काही उरले नाही. बायकोने त्याच्या हातावर पैसे ठेवले. "साठवले होते मी," ती म्हणाली. नवव्यालाही तिनेच दिले.

ते पैसे कुठले होते, ते मला ठाऊक होते. औषधाचे पैसे मुंगीच्या हातात देताना आईने माझ्या डोक्यावरच्या खाटेवर बसून तिला सांगितले होते, "या महिन्यात गोळ्या निम्म्याच आण. मी एक दिवसाआड घेईन. आणि बाबांना सांगू नकोस. एक हप्ता चुकला तर सगळं पाण्यात जाईल." मुंगीने सांगितले नाही. मित्रांनो, तिला दोष देऊ नका. आईने सांगितलेले तिने ऐकले. दोष द्यायचाच तर मला द्या, कारण त्या गोळ्या माझ्यावर खर्च झाल्या. हळूहळू खाटेवरून खाली सोडलेले आईचे पाय सुजू लागले. एक दिवस तिला तिच्या चपला होईनात. मी ते रोज पाहिले, आणि मला बोलता येत नव्हते.

अकरावा हप्ता भरला त्या आठवड्यात ऑक्टोबरचे ऊन पडले होते आणि पत्रा नुसता भाजत होता. शेडकार्ड हलवून मुंगीचा हात भरून आला.

"आई, उघडू या ना. आजच्या दिवस. मी परत तस्सं चिकटवते."

आई कष्टाने वाकली. तिने भोकातून बोटे आत घातली आणि माझ्या जाळीला टेकवली. "किती गार आहे गं," ती म्हणाली. तिची बोटे बराच वेळ तिथेच राहिली. त्या वेळी मला जेवढे फिरावेसे वाटले, तेवढे कधीही वाटले नव्हते. पण वायर गुंडाळलेली होती आणि पाती थर्मोकोलमध्ये रुतलेली होती.

"एकच हप्ता राहिलाय, मुंगे," ती म्हणाली. "आता एवढ्यासाठी कशाला?"

त्यानंतर चौथ्या दिवशी भर दुपारी शेडकार्ड खाली पडले, ते बरोबर माझ्या भोकासमोर. मुंगी दोनदा "आई" म्हणाली. मग तिचे पाय दाराकडे धावले. कार्ड तिथेच पडून राहिले.

थोड्या वेळात खोली माणसांनी भरली. रंगाऱ्याची बहीण आली आणि म्हणाली, "अरे, इथं हवा नाही अजिबात. पंखा आहे ना घरात?" तिनेच मला ओढून काढले आणि खोके टराटरा फाडले. मला उशाशी स्टुलावर ठेवून तिने बटण दाबले.

मी फिरलो. कारखान्यानंतर पहिल्यांदा फिरलो. मुंगीच्या आईच्या कपाळावरची बट माझ्या वाऱ्याने हलली. भिंतीशी बसलेला रंगारी धडपडत उठला. "थांबा. हलली ती. बघा ना, हलली." बहिणीने हळूच माझे बटण बंद केले. बट पुन्हा कपाळावर टेकली आणि रंगारी खाली बसला.

बारावा हप्ता त्याने तारखेलाच भरला. पुढच्या आठवड्यात बँकेतल्या मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "काका, एकही हप्ता चुकलेला नाही. अर्ज घेऊन या, आठ दिवसांत मंजूर होईल."

"तुम्ही लक्षात ठेवलंत, मॅडम," रंगारी म्हणाला. "पण आता नको."

"का हो, काका?"

त्याने फोन खाली ठेवला. तेव्हा मुंगी म्हणाली, "बाबा, आठवा आणि नववा हप्ता आईच्या गोळ्यांचा होता." रंगाऱ्याने तिला जवळ ओढले आणि दोघे माझ्यासमोर बसून रडले.

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. मुंगी आता नोकरी करते. घराला पक्के छत आहे, छताला पंखा आहे. मला त्यांनी विकले नाही आणि लावलेही नाही. मी कपाटावर असतो. मुंगी अधूनमधून माझी पाती पुसते आणि परत कापड घालते. माझा वारा आजवर एकाच माणसाला घातला गेला, आणि तिला तो कळला नाही.

मित्रांनो, माझे भाऊबंद तुम्हाला सांगत असतील, आम्हाला जपा, आमची काळजी घ्या. त्यांचे खरेच असेल. पण मला जेवढे जपले तेवढे कुणाला जपले नसेल, आणि त्या घरात ज्या एका माणसाला जपायला हवे होते, ते गेले. तुमच्या घरी खाटेखाली एखादे बंद खोके असेल आणि खाटेवर कुणी घामाने भिजत असेल, तर चांगल्या दिवसाची वाट पाहू नका. खोके फुटले तर फुटू द्या.