गार हातांची कारागीर

चॉकलेटच्या कारखान्यात तिला सगळे गारताई म्हणत, कारण तिच्या बोटांत चॉकलेट वितळतच नसे. कागदासारखी पातळ पाकळी चिमटीत धरून वळवायची आणि बघता बघता फूल उभं करायची. मालक गिऱ्हाइकांना सांगायचा, हातगुण आहे पोरीचा. पोरगी पंचेचाळिशीची होती, तरी तिला ते गोड वाटे.

मग केस गळू लागले, अंग जड झालं, काम करता करता डुलकी लागू लागली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, थायरॉईड मंदावलंय; हात गार पडतात तेही त्यामुळेच. झालं, गारताईच्या डोक्यात भुंगा शिरला. बरी झाले आणि हात ऊबदार झाले, तर मी कसली कारागीर?

बाईंनी दिलेली थायरॉईडची गोळी मात्र ती इमानेइतबारे घ्यायची. त्यात नणंदेने भर घातली: समुद्री शेवाळाची पूड, कॅल्शियम, लोह. सगळं नैसर्गिक, अपाय कसला, असं वन्संचं म्हणणं. गारताई सकाळी सगळं एकदमच, ग्लासभर दुधाबरोबर पोटात ढकलायची. डोस वाढला तरी रिपोर्ट जागचा हलेना. हात गारच राहिले, आणि खरं सांगायचं तर तिला आतून हायसं वाटलं.

डॉक्टरीणबाईंना काही चैन पडेना. गोळी घेता का, हे विचारायचं सोडून त्यांनी कशी घेता ते करून दाखवायला सांगितलं. तिने मूठ तोंडाकडे नेली आणि मागोमाग नसलेला ग्लास.

"अहो, कॅल्शियम आणि लोह त्या गोळीला अंगात शिरूच देत नाहीत," बाई हसत म्हणाल्या. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर; कॅल्शियम आणि लोह त्यानंतर चार तासांनी. आणि शेवाळ बंद, त्यात आयोडीन किती याचा भरवसा नसतो.

हळूहळू डुलक्या थांबल्या. आणि एका सकाळी पाकळी बोटाला चिकटून वितळली. तिने दुसरी उचलली, तीही वितळली. शेवटी तिने शेजारी काम करणाऱ्या मैत्रिणीला विचारलं, तू काय करतेस गं? इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला पडलाच नव्हता.

"बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवते नि पुसते. सगळेच तसं करतात," मैत्रीण म्हणाली.

प्रत्येकीच्या टेबलावरचे ते बर्फाच्या पाण्याचे वाडगे हात धुवायचे असतील, असंच गारताई समजत आली होती. तिने बोटं बुडवली, कोरडी केली, नवी पाकळी उचलली. पाकळी वळली, पूर्वीसारखीच, एक कडा किंचित दुमडलेली. ती कडा दुमडायची खोड तिची स्वतःची होती, आजाराची नव्हती.