काटा तीनवर होता

मी एक जुना दाबमापक आहे. हे भारदस्त नाव माझ्या डबीवरच्या चिठ्ठीपुरतंच होतं. घोडेगावात मला सगळे काटा म्हणतात. पितळी अंग, वर काच, आत पांढरी तबकडी आणि तिच्यावर शून्यापासून दहापर्यंत आकडे. मोटारीच्या टाकीतलं पेट्रोल एक छोटा पंप ओढून घेतो आणि इंजिनाकडे ढकलतो. तो किती जोराने ढकलतो, एवढंच मला कळतं. जोर तीन पौंड असला की गाडी सुखात चालते. एकाच्या खाली गेला की ती आचके देऊन बंद पडते. मित्रांनो, माझं ज्ञान एवढ्यात संपलं. तरी मला त्याचा फार ताठा होता.

नगरच्या लष्करी सामानाच्या लिलावात पान्यांच्या पेटीबरोबर मी विकला गेलो. पेटी एका उस्तादांनी घेतली आणि ते गेल्यावर मी त्यांच्या शागिर्दाकडे, कानिफनाथ मिस्तरींकडे आलो. त्यांचं गॅरेज म्हणजे जनावरांच्या बाजारतळासमोर, हमरस्त्याच्या कडेला, लिंबाखाली टाकलेले चार पत्रे. मला ते मऊ फडक्यात गुंडाळून ठेवत. गिऱ्हाइकाला सांगत, "मी चुकंन, पन ह्यो काटा न्हाई चुकायचा." हे ऐकून माझी काच आणखी चमकायची, असं मला वाटे.

मिस्तरींची एक सवय इथे सांगायला हवी. गाडी आली की ते आधी टाकीचं झाकण काढून बाजूला ठेवत आणि आत बांबूची काडी बुडवून पेट्रोल बघत. झाकण परत बसे ते सगळं काम संपल्यावरच. उस्तादांनी एकदा रिकाम्या टाकीपायी अख्खं इंजिन उकललं होतं म्हणे. तेव्हापासून त्यांनी शागिर्दाला शपथच घातली होती, आधी टाकी, मग बाकी. शहाणपणाची सवय होती ती. तिच्यात काही वावगं असेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

बाहत्तर सालच्या दिवाळीनंतर पुंजारामची काळी मोटार आमच्याकडे आली. पुंजाराम घोडेगावचाच. तो नगरची भाडी करायचा. दुष्काळाचं वर्ष, पाऊस रुसलेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खडी फोडणारी माणसं. तो म्हणाला, "मिस्तरी, हितून टाकी भरून निघालं की पांढरीच्या पुलाअलीकडं गाडी बंद पडती. घटकाभर थांबलं की आपसूक सुरू हुती. येताना काय बी होत न्हाई."

मिस्तरींनी झाकण काढून बाजूला ठेवलं, काडी बुडवली. मग मला रबरी नळीने पंपाला जोडलं आणि इंजिन सुरू केलं. मी तीन पौंड दाखवले. अर्धा तास इंजिन चाललं आणि मी तीनवरून हललो नाही.

"काटा तीनवर हाय," मिस्तरी म्हणाले. "गाडीत खोट न्हाई, पुंजा."

पुंजाराम आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा आधी झाकण, मग काडी, मग मी. दोन्ही वेळा तीन. तिसऱ्यांदा मिस्तरी हसून म्हणाले, "बाईल पोटुशी हाय म्हनून जीव घाबरतोय तुजा." पुंजारामही हसला. त्याची बायको लंकाबाई पहिलटकरीण होती आणि दिवस भरत आले होते.

पौषात एका दुपारी लंकाबाईचं अडलं. गावच्या सुईणीने हात टेकले आणि नगरला न्या म्हणाली. पुंजारामने टाकी भरली, बायकोला आणि आईला मागे बसवलं आणि निघाला. गाडी पांढरीच्या पुलाअलीकडे बंद पडली. तो बॉनेट उघडून झटत राहिला. दुसरं वाहन येईना. लंकाबाई पाणी मागत होती आणि गाडीत पाणी नव्हतं. तिथेच तिला मुलगी झाली. मुलगी जगली, लंकाबाई गेली. आणि मग गाडी सुरू झाली, पहिल्याच चावीला.

हे सगळं पुंजारामने लिंबाखाली बसून मिस्तरींना सांगितलं. मी फडक्यात होतो. मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

त्यानंतर त्याने गाडी दाखवायला आणणं सोडलं. गाडी तिथे बंद पडतच होती, पण आता तिला कारण मिळालं होतं. लंकाबाई तहानलेली गेली, ती अडवते, असं आधी लोक म्हणाले आणि मग पुंजारामही म्हणू लागला. टँकरच्या पाण्यातली एक कळशी तो रोज गाडीत ठेवायचा. गाडी थांबली की उतरून ती खडीवर ओतायचा आणि जमीन पाणी पिऊन होईपर्यंत लंकाबाईशी बोलत बसायचा. उतारू निमूट बसून राहत. त्याचं बोलणं संपलं की गाडी सुरू व्हायची. मिस्तरी एकदा म्हणाले, "आन ना गाडी, परत बघू." तो म्हणाला, "नगं. तेवडीच भेट हुती आमची."

मित्रांनो, खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. मी चुकत नाही आणि गाडीत खोट नाही, तर मग ती बाईच असणार. माझ्या ताठ्याला ती भूत म्हणूनच परवडत होती.

वैशाखात ती चिमुरडी, चांगुणा तिचं नाव, हगवणीने मलूल झाली. डॉक्टर म्हणाले, सलाईन लावायला नगरला न्या, उशीर करू नका. पुंजाराम टाकी भरून आला आणि गॅरेजसमोर थांबला. मागे त्याची आई गोजरबाई नात मांडीवर घेऊन बसली होती. पुंजाराम म्हणाला, "मिस्तरी, संगं चल. लेकरू घिऊन मी तितं थांबू शकत न्हाई."

मिस्तरींनी घाईघाईने मला नळीने जोडलं, बॉनेटच्या फटीतून बाहेर काढलं आणि समोरच्या काचेवर बांधलं. त्या घाईत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा झाकण उघडलं नाही.

मैलामागून मैल गेले. मी तीनवर होतो. पाचव्या मैलाला माझा काटा जरा खाली आला. सहाव्याला दोन. खडीचे ढीग दिसू लागले तेव्हा एक. पुलाअलीकडे मी शून्यावर आलो आणि गाडी थांबली. गाडी चालू असताना गॅरेजात कधी न पाहिलेला आकडा मी त्या जागी पाहिला.

पुंजाराम कळशी घेऊन खाली उतरला आणि पुढे खडीकडे गेला. मिस्तरी काही सुचेना म्हणून आपल्या सवयीकडे वळले. मागे जाऊन त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं. एक लांब उसासा ऐकू आला. गोजरबाईने नातीला छातीशी धरलं. पण तो उसासा टाकीचा होता. बाहेरची हवा आत शिरत होती.

मिस्तरींनी झाकण उलटं केलं. त्याला एक बारीक भोक असतं. पेट्रोल कमी होईल तशी त्यातून हवा आत जाते, म्हणून पंपाला पेट्रोल ओढता येतं. ते भोक बुजलेलं होतं, पिवळ्या साबणाने. भरलेल्या टाकीत हवा थोडी, म्हणून ती लवकर विरळ व्हायची आणि पंपाला पेट्रोल ओढवेना; येताना टाकीत हवा भरपूर असायची. घटकाभराने कुठूनतरी झिरपून हवा आत जायची आणि गाडी पुन्हा सुरू व्हायची. आणि आमच्या गॅरेजात? तिथे तर आम्ही आधी झाकणच काढून ठेवत होतो.

"साबन कुनी लावला?" मिस्तरींनी हळूच विचारलं.

गोजरबाईने पुढे पाहिलं. पुंजाराम पाठमोरा पाणी ओतत होता. "त्यानंच," ती म्हणाली. "लंकी पोटुशी व्हती तवा तिला पेट्रोलच्या वासानं उलट्या व्हायच्या. माज्याच वडीतला तुकडा मळून लावला त्यानं. मला काय ठावं, बाबा." मग ती म्हणाली, "त्याला सांगू नगं. न्हाई जगायचा."

मिस्तरींनी खिळ्याने साबण काढला आणि खिशात टाकला. पुंजाराम येऊन बसला, गाडी सुरू झाली. नगर येईपर्यंत मी तीनवर होतो. चांगुणा वाचली.

महिना गेला. गाडी कुठेच थांबेना. पुंजाराम वाळत चालला. मग एके दिवशी पेट्रोल भरताना त्याने स्वतः झाकण हातात घेतलं आणि तसाच आमच्याकडे आला.

"साबन तू काडलास?"

मिस्तरींनी मान डोलावली.

"का काडलास ते दाव मला." त्याने खिशातून पिवळ्या साबणाचा तुकडा काढला.

"नगं, पुंजा."

त्याने स्वतःच तुकडा मळला, भोक बुजवलं आणि झाकण घट्ट लावलं. मिस्तरींनी मला जोडलं. इंजिन जोरात चालू राहिलं. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. त्या वेळी आयुष्यात पहिल्यांदाच मला खोटं बोलावंसं वाटलं. पण ते मला येत नाही. तीन. दोन. एक. इंजिनाने आचके दिले आणि ते थांबलं. मिस्तरींनी झाकण फिरवलं आणि तो उसासा पुंजारामनेही ऐकला.

त्याने ते झाकण हातात घेतलं. मग म्हणाला, "म्हंजी ती तितं कवाच नव्हती."

पुंजारामने गाडीतली कळशी काढली, लिंबाच्या बुडाशी ओतली आणि रिकामी परत ठेवून निघून गेला.

मित्रांनो, आता मी पेटीच्या तळाशी असतो. काचेला तडा गेलाय. काटा शून्यावर येत नाही, अर्ध्या पौंडावर अडतो. मिस्तरी मला गिऱ्हाइकापुढे काढत नाहीत आणि मी चुकत नाही असंही सांगत नाहीत. मला त्याचा राग नाही. मी तीन वेळा खरं सांगितलं होतं आणि ते तिन्ही वेळा निरुपयोगी होतं, कारण मला सावलीत उभं करून विचारलं होतं.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, कुणी आपण अमुक जागी अडतो म्हणालं, मग ती गाडी असो की माणूस, तर त्याला घरी बसवून तपासू नका. त्याच्याबरोबर तिथवर जा. त्या थंडीत मिस्तरी मला घेऊन एकदा गेले असते, तर चांगुणेला आई असती. घोडेगावापासून ती जागा फक्त आठ मैल आहे.