बोटभर वाढ

"बाबा, रस्त्यापलीकडची माणसं आलीच नाहीत, तर त्यांच्या कपड्यांचं काय करणार तुम्ही?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती. 'जगाला प्रश्न विचारतेस ना, मग हा घरी विचारून दाखव.' घरात तिला टकळी म्हणत. शाळेत भाषणाचं पहिलं बक्षीस मिळाल्यापासून तर तिच्या तोंडाला लगाम उरला नव्हता.

बाबांचं शिलाई मशीन थांबलं. बटणं लावणाऱ्या आईने सुई तशीच धरून ठेवली.

दंगलीला पाच महिने झाले होते. तेव्हापासून तिकडचं कुणी रस्ता ओलांडून इकडे येत नव्हतं, इकडचं तिकडे जात नव्हतं. दुकानातल्या मागच्या दांडीवर तिकडच्यांचे शिवून तयार कपडे लटकत होते.

"काय करणार म्हणजे? ज्याचे त्याला देणार," बाबा म्हणाले.

"कधी?"

"येतील तेव्हा."

"त्यांचे कपडे जपतो म्हणून गल्लीत कुजबुज चाललीय," आई म्हणाली. "दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली. तू आणखी तेल ओतू नकोस, बाई."

पण गप्प बसेल ती टकळी कसली? ती दांडीपाशी गेली. कोपऱ्यात शाळेचा निळा फ्रॉक होता, तिच्याच बाकावर बसणाऱ्या कुरळीचा. दंगलीनंतर कुरळीने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. टकळीने फ्रॉकची कड उलटली. जुन्या घडीची रेघ अजून दिसत होती, आणि कड त्या रेघेच्या बोटभर खाली उतरवलेली होती.

"हे कधी केलंत?"

"मागच्या महिन्यात. भांडण मिटेपर्यंत पोरं काय वाढायची थांबतात?"

"पण माप कुठून आणलंत?"

बाबा चष्मा पुसत राहिले. "तुझं घेतलं. बरोबरीच्याच तुम्ही."

तिला आठवलं. एका रविवारी बाबांनी तिला उगाच उभं करून टेप लावली होती. नवा ड्रेस येणार म्हणून ती महिनाभर वाट बघत बसली होती.

"ती ताडमाड वाढते, बाबा. तिला हा आखूड होणार."

"होईलही. अंदाज तो अंदाज."

टकळीने फ्रॉकची घडी घालून तो दप्तरात ठेवला. बाबांच्या गळ्यातली टेप काढून घेतली. आवाज मात्र चढवला नाही.

"उद्या शाळा सुटली की मी पलीकडे जाणार आहे. दिवसाउजेडी, मोठ्या रस्त्याने. आखूड झाला तर कुरळीचं माप घेऊन येईन. आई, मला एकटीला धाडायचा तुला धीर होत नसेल तर सोबत चल. पण मी जाणार."